उंबरावरचं चिलट

हसू नका, पण नाथाजीच्या पोटात दुखाया लागलं ते एका चिलटापायी.

लढाई सरली त्या साली वारणेकाठी नाथाजीचं गुऱ्हाळ लागलं हुतं. लालासाहेब त्येचा लंगोटीयार. पाटलाचं पोरगं, सांगलीला कालिजात शिकत हुतं. सुट्टीला आलं ते बाटल्या घिऊनच. बाटलीत सडकं केळं, तोंडाला कापसाचा बोळा. बोळा काढून ठिवायचा आन चिलटं आत गेली की घट्ट बसवायचा. एक बाटली त्यानं गुऱ्हाळाच्या मळीपाशी, रसावरनं काढल्याल्या घाणीपाशी, टांगली. दुसरी बांधापलीकडं, सयाजीच्या विहिरीवरल्या उंबराला.

"काय धरतुयास रं लाला?"

"चिलटं."

"आरं तिच्या! ती काय धरायची? तोंड उघडं ठिवलं की आपसूक आत जात्यात."

लाला नुस्ता हसला. त्यानं कसल्याशा औषधाचा वास देऊन चिलटं निजवली, पांढऱ्या बशीत वतली आन नाथाजीच्या हातात भिंग दिलं. नाथाजीनं डोळा लावला. गुंजंसारखं लालभडक डोळं! बुडाला पट्टं!

"आता सांग, समदी एकच हायती?" लाला म्हणला. "ह्येचं बूड काळं, त्येचं पिवळं. ही मादी. आन ह्या नराच्या फुडच्या पायावर बघ, काळ्या केसांची बारीक फणी हाय. जातीजातीची फणी निराळी. वळखायचं ते तिच्यावरनं."

"आयला! म्हंजे आमच्या मळीवर बी जातीजातीचं पावणं!"

त्या दिसापास्नं नाथाजी काहिलीतला रस ढवळताना बी चिलटंच बघाया लागला. त्यात लाला बोलून गेला हुता, "बुकात नसल्याली जात घावली, तर ज्येच्या रानात घावली त्येचं नाव तिला द्यायचं. माझ्या गुरुजींनी कबूल केलंय." झालं! नाथाजीचं नाव विलायतेच्या बुकात! रातध्याड त्येला तेच दिसाया लागलं.

आन नवी जात घावली कुटं? सयाजीच्या उंबरावर.

सयाजी नाथाजीचा चुलतभाऊ. नुकताच लामावरनं, लढाईवरनं, आल्याला. पायात मिलटरी बूट, तोंडात "ओके". पारावर त्यो बसला की म्हातारी माणसंसुदिक सरकून जागा द्यायची. आता त्येच्या उंबरावरच्या चिलटाच्या पाकाला, म्हंजे पंखाला, टोकाशी काळा ठिपका निघाला, आन फणी बी बुकात न्हाई आसली! लालानं सयाजीला मिठीच मारली. नाथाजीच्या म्होरं! ज्या नाथाजीनं त्येला शाळंला जाताना वढा खांद्यावरनं वलांडून न्हेला, त्येच्या म्होरं!

"काय सयाजीराव, चिलटाचं बारसं कवा?" पारावर लोक इचारायची.

"घुगऱ्या वाटतू की!" सयाजी मिशीला पीळ द्यायचा. "नाथा, तुला पैलं आवतान हाय बरं का गड्या."

नाथाजी हसला, पर आतनं चुलवणावानी पेटला.

एकच ग्वाम हुती. फणीवाला नर औषध जास्त झाल्यानं मेला, आन भिंगाखाली त्येचा पाय तुटला. "जितं न्यायला पायजे," लाला म्हणला. "सांगलीला फणीवाला एक नर तरी जिता दावला, तरच गुरुजी मानत्याल. सयाजीच्या बाटलीत हायती, उद्या जाताना न्हेतू."

दुपारी समदी कलंडली तसा नाथाजी बांध वलांडून गेला. उंबराची बाटली आपल्या बाटलीच्या तोंडाला लावून त्यानं चिलटं इकडं हुसकली. येक-दोन निसटलीच. सयाजीच्या बाटलीत फडक्यात धरून आणल्याली मळीवरची साधी चिलटं भरली, बोळा बसवला, आन आला परत. लय ग्वाड वाटत हुतं. आता घावली जात कुणाच्या गुऱ्हाळावर? नाथाजीच्या!

मग त्येला वाटलं, पाव्हणी उपाशी मरायची. त्येच्या घरात काय बी नाजूक जगवायचं म्हंजे काकवी. आजारी म्हाताऱ्याला काकवी, दुबळ्या वासराला काकवी. त्यानं बाटलीत पळीभर वतली. चांगली दाट, ताजी.

सकाळी लाला आन सयाजी गुऱ्हाळावर आलं. लालानं उंबरावरनं काढून आणल्याली सयाजीची बाटली उजेडात धरली. साधी चिलटं. मग नाथाजीची धरली. काकवीत समदी चिकटून मेल्याली. पाय न्हाईत, पाक न्हाईत, नुस्ता चिखल. त्यात एका पाकाच्या टोकाला ठिपका.

"ही तुझ्याकडं कवा आली?"

"आली आसतील उडत."

लालानं त्येच्या त्वांडाकडं लय येळ बघितलं. "काकवी कशाला वतलीस?"

"भुकं मरत्याल म्हून."

सयाजी पोट धरून हसला. "लेका, चिलटांची बाळंतपणं काढतुयास व्हय!" त्येच्या ध्येनात काय बी आलं न्हवतं.

लाला हसला न्हाई. "उंबरं बी सरली, आता नवी चिलटं यायची न्हाईत," त्यो म्हणला. "एक जिता नर जरी घावला आसता..." आन बाटल्या पिशवीत भराया लागला.

गुऱ्हाळावर आल्याल्या माणसाला रसाबिगार लावायचं न्हाई, मग त्यो वैरी का आसंना. नाथाजीनं पितळी पेलं भरलं. सयाजीनं पेला हातात धरला, लामावरची कसलीतरी गोष्ट चालू केली. आन नाथाजीला दिसलं.

पेल्याच्या काठावर एक चिलट बसलं हुतं. एकेक पाक बाजूला काढून नाचवत हुतं. मळीवरचं एक बी आसं करत न्हाई. पाकाच्या टोकाला ठिपका. काल निसटल्याल्यातलं. नर.

लाला पाठमोरा हुता. नुस्तं "लाला" म्हणायचं हुतं. नाथाजीनं तोंड उघडलं बी. पर नाव लागायचं ते सयाजीचंच.

चिलट काठावरनं घसरलं आन फेसावर तराया लागलं.

"सयाजी, पी की लवकर," नाथाजी म्हणला. "रस काळा पडतुय."

सयाजीनं पेला एका दमात रिकामा केला. खाकरला, मिशी पुसली. "लय ग्वाड हाय गड्या. पर घशात काय तरी गेलं बघ."

"चिलट आसंल."

लाला वळला. "कुठलं?"

नाथाजीनं रिकामा पेला वढून घेतला आन परत भराया वाकला.

"चिलट म्हंजे चिलट," त्यो म्हणला. "त्येला काय जात आस्ती व्हय?"