श्रावणातल्या सोमवारांचा पाऊस

मित्रांनो, माझं तोंड सदा आभाळाकडे उघडं असतं, म्हणून मला खादाड समजू नका. मी पर्जन्यमापक आहे. जुना, तांब्याचा, अकोल्यात घडलेला. वर नरसाळं, पोटात बाटली. पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरतो आणि सकाळी तो काचेच्या मापात ओतून किती इंच पडला ते बघतात. एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामापायी अमरावतीच्या एका कॉलेजात एकदा जी गडबड उडाली, ती आठवली की अजून माझ्या पोटात गुडगुडतं.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. सरकारी पर्जन्यमापक मागवायचा तर अर्ज नागपूरला जाणार आणि उत्तर येईपर्यंत पावसाळा निघून जाणार. म्हणून त्या कॉलेजातल्या वामनराव सरांनी कागदावर माझं चित्र काढलं आणि ते अकोल्याच्या उत्तमराव तांबटांना नेऊन दिलं. सरळ नळकांडं हवं, असं चारदा बजावलं. उत्तमरावांनी चारदा मान डोलावली. पण त्यांचा जन्म गेला होता देवळांसाठी अभिषेकाची भांडी घडवण्यात. हातोडी आपल्या ओळखीच्या वाटेनंच चालली आणि माझ्या अंगाला छानशी गोलाई आली! सर जरा हिरमुसले. मग त्यांनी फूटपट्टी लावून माझं तोंड मोजलं, ते बरोबर पाच इंच भरलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. एका टोपलीत कुटार, म्हणजे मऊ भुसा, भरून त्यात मला बसवलं आणि सर मला मांडीवर घेऊन आगगाडीनं अमरावतीला आले. कॉलेजच्या आवारात माझ्यासाठी गोल ओटा बांधला आणि मला त्यात कमरेपर्यंत रोवलं.

सरांनी नवाच वर्ग काढला होता, 'हवामानाची ओळख'. तीन महिने चालवून पाहू, मग ठरवू, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितलं होतं. वर्गात अठरा मुलगे आणि एकच मुलगी. मुलग्यांपैकी निम्मे तरी सोपा विषय म्हणून आले होते. वलगावचा सहदेव तर उघडच सांगायचा की आपण खिडकीतल्या वाऱ्यासाठी आलो. त्याच्या घरी कपाशीची, तिकडच्या भाषेत पऱ्हाटीची, मोठी शेती. पाऊस मोजायला शिकतो आहे म्हटल्यावर त्याच्या वडिलांनी विचारलं होतं, मोजल्यानं पाऊस वाढते काय?

मुलगी होती वच्छला. गावाबाहेर तिच्या घरचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. ही मात्र पाऊस कळावा म्हणूनच आली होती. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती आणि सहदेव माझ्याकडे यायचे. ती माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायची, तो वहीत लिहायचा. एकदा सहदेव लेखणी थांबवून म्हणाला, "वच्छलाबाई, पाव इंच वाढवून सांगा न. माया बापाची पऱ्हाटी खूश होईन."

"माया बापाची वांगी बुडून राहिली," ती म्हणाली. "मंग मी कमी सांगू काय?"

सहदेवनं मुकाट्यानं खरा आकडा लिहिला. मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी उजाडता उजाडता डोक्यावर फुलांची टोपली घेतलेली एक बाई फाटकातून आत आली. माझ्यासमोर थबकली. गोल ओटा, त्यातून वर आलेलं माझं गुळगुळीत तांब्याचं अंग! तिनं टोपली उतरवली, लोटीएवढ्या गडव्यातलं पाणी हळूच माझ्या डोक्यावर घातलं, बेलाचं पान ठेवलं, हात जोडले आणि निघून गेली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं! तोवर मला कुणी हात जोडले नव्हते. मला ओरडून सांगता आलं नसतं हे खरं. पण सांगता आलं असतं तरी मी सांगितलं असतं का, याची मला आजही खात्री नाही.

आठ वाजता मापात अर्धा इंच पाणी निघालं. त्या आठवड्यात आभाळ सारखं भरलेलं, मधूनच भुरभुर यायची. कुणाला काही वावगं वाटलं नाही. बेलाचं पान सहदेवनं वाऱ्यानं आलं म्हणून फेकून दिलं. दुसऱ्या सोमवारीही अर्धा इंच. तिसऱ्या सोमवारी ओटा कोरडा होता, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, तरी अर्धा इंच! पहाटे आपण झोपेत असताना पावसाची सर येऊन गेली असेल, असं वसतिगृहातल्या मुलांनी ठरवून टाकलं. एकानं तर ती सर आपण ऐकली असंही सांगितलं. चौथा सोमवारही तसाच गेला.

वामनराव सरांचे तर पाय जमिनीवर ठरेनात. सात दिवसांनी फिरून येणारा पाऊस! त्यांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला, बारा पानी निबंध लिहिला आणि तो नागपूरच्या हवामान कचेरीला पाठवायचं ठरवलं. असा निबंध कॉलेजच्या नावानं गेला तर वर्ग बंद करायची कुणाची छाती होणार नाही, असं ते मुलांना म्हणाले. कारण तीन महिने भरत आले होते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी हुकूम काढला होता की प्रत्येक विद्यार्थ्यानं या वर्गाविषयी आपलं मत कागदावर लिहून मंगळवारी द्यावं. मतं बरी आली तर वर्ग राहील, नाहीतर ती खोली रसायनशास्त्राला जाईल.

आणि मंगळवारच्या आधी सोमवार येतो. त्या श्रावणातला पाचवा.

त्या दिवशी शेवटचा सोमवार म्हणून बेलाला फार मागणी होती. एक टोपली पुरेना, म्हणून दुसरी घेऊन वच्छला आपल्या आईबरोबर निघाली. हो मित्रांनो, ती बाई वच्छलाची आई माणिकबाई होती! तिनं नेहमीप्रमाणे माझ्यापुढे टोपली उतरवली आणि गडवा तिरपा केला. वच्छलाच्या हातातली टोपली तिथंच खाली आली.

"माय, हे काय करून राहिली तू?"

"महादेवाले पानी घालून राहिली. दर सोमवारी घालतो." माणिकबाईनं पदर सावरला. "तू इथं शिकतं, म्हटलं इथल्याच देवाले सांगावं, पोरीले पास कर म्हणून."

"माय, हा देव नोय. पाऊस मोजाचं भांडं हाये."

माणिकबाई माझ्याकडे बघत राहिली. मग रिकाम्या गडव्याकडे. "मंग त्या मोजनीत माया गडवाबी मोजल्या गेला काय?"

वच्छलानं हो म्हणून मान हलवली. माणिकबाई ओट्यावर बसली. गडवा टोपलीत ठेवत ती म्हणाली, "आता कॉलेजवाले तुले हासतीन. तुया मास्तरलेबी." आणि उठता उठता, "कोनाले सांगू नोको. मी पानी घालत नाई आतापासून."

आठ वाजता तिनं मापातला अर्धा इंच वाचला, सहदेवनं लिहिला. दुपारी वच्छला एकटीच माझ्यापाशी येऊन बसली. मांडीवर कागद होता. बाकीच्यांची मतं लिहून झाली होती आणि मुलं ती एकमेकांना वाचून दाखवत हसत होती. सहदेवनं लिहिलं होतं की वर्ग चांगला आहे, वारा खेळता आहे. एकानं लिहिलं होतं, ढगांची इंग्रजी नावं पाठ करता करता आमच्या आजीनं शिकवलेली विसरलो, याचा काही बंदोबस्त व्हावा. आणखी एकाचं म्हणणं, सरांचा पावसाचा अंदाज दहात सहा वेळा चुकतो, पण चुकला की ते स्वतःच सगळ्यात आधी हसतात. असा दुसरा प्रोफेसर कॉलेजात नाही, म्हणून वर्ग ठेवावा.

वच्छलाला मात्र एक ओळ सुचेना. खरं लिहावं तर सरांचा निबंध गेला, वर्गही बहुधा गेला, आणि माय कॉलेजभर चेष्टेचा विषय झाली. न लिहावं तर माझ्या पोटातलं खोटं शाई होऊन नागपूरला जाणार. तिनं तीनदा लेखणी उचलली, तीनदा ठेवली. चौथ्यांदा मात्र ती सरसर लिहीत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळी मतं वर्गात मोठ्यानं वाचायला घेतली. उघड्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. वच्छलाचं मत असं होतं: 'या वर्गात मी एक शिकले. पाण्याची कड डोळ्यांसमोर आणल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, आणि वाचला की बदलायचा नाही. म्हणून लिहिते की सोमवारचा पाऊस आभाळातून पडला नाही. तो माझ्या आईनं देव समजून घातला. निबंध पाठवू नये. वर्ग ठेवावा.'

कुणीतरी खुदकन हसलं. सहदेवनं मागं वळून असं पाहिलं की ते हसू तिथंच जिरलं.

सरांनी भिंतीवरचा तक्ता स्वतः उतरवला, त्याची नीट गुंडाळी केली. मग वही उघडून पाचही सोमवारांच्या अर्ध्या अर्ध्या इंचावर तांबडी रेघ ओढली आणि विचारलं, "वच्छला, तुझ्या आईचं नाव काय?"

"माणिकबाई."

त्यांनी पाचही ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पाऊस नव्हे. माणिकबाई.' आणि मतांच्या गठ्ठ्यात वच्छलाचा कागद सगळ्यात वर ठेवून गठ्ठा प्रिन्सिपॉलसाहेबांकडे नेला.

साहेबांनी तो एकच कागद वाचला म्हणे, आणि खाली सही केली. रसायनशास्त्राला दुसरी खोली शोधावी लागली.

त्यानंतर नऊ वर्षं तो वर्ग चालला. वच्छला शिकली, अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. माणिकबाईनं मात्र पुन्हा माझ्यावर थेंबभर पाणी घातलं नाही. सोमवारी येता जाता ती टोपली उतरवायची, इकडं तिकडं बघायची आणि ओट्याभोवती वाढलेलं गवत उपटून टाकायची. गवत उंच झालं की पाऊस माझ्यापर्यंत नीट पोचत नाही, हे लेकीनं तिला सांगून ठेवलं होतं. खरं सांगू? त्या पाच सोमवारांच्या पूजेपेक्षा मला ती गवत उपटणारी बोटं जास्त आठवतात.

आता सर नाहीत, वर्ग नाही. माणिकबाईही थकली, येत नाही. माझ्या अंगावर हिरवट पुटं चढलीत, शेजारच्या घाणेरीनं डोक्यावर फांद्या पसरल्यात, आणि भर पावसातसुद्धा माझी बाटली अर्धीच भरते. कुणी मोजलंच तर माझ्या तोंडून खोटं निघेल, याचीच मला भीती वाटते. म्हणून मित्रांनो, कधी या बाजूला आलात तर मला हात जोडू नका. कोयता आणा आणि माझ्यावरचं आभाळ तेवढं मोकळं करा.