मेव्हिसच्या फावड्याखालचा रुबार्ब

मित्रांनो, दचकू नका. बोलतोय तो मीच, मातीत बसलेला रुबार्बचा एक म्हातारा गड्डा. तुम्ही मला पाहिलं नसेल. अळूहून मोठी पानं आणि खाली लालबुंद जाडजूड देठ, असा माझा थाट. देठ इतका आंबट की डोळेच मिटावेत, पण साखर घालून शिजवला की इकडची माणसं बशीसुद्धा चाटून पुसून ठेवतात. पानं मात्र विषारी. ती तोंडात घालायची नाहीत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वेकफील्डजवळच्या एका खाणीच्या गावाबाहेर कामगारांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान लहान तुकडे दिलेले आहेत. त्यातल्या एकात विल्फनं मला लावलं आणि माझ्या शेजारी माझ्या भावाला. विल्फ दिवसभर जमिनीखाली कोळसा फोडायचा आणि संध्याकाळी आमच्यापाशी येऊन बसायचा. काय माणूस होता! शेणखत घालायचा ते आमच्या भोवतीनं, डोक्यावर कधीच नाही, कारण डोकं कुजतं. देठाला सुरी लावायचा नाही. बुडाशी धरून हलकेच पीळ देऊन ओढायचा. हिवाळा सरता सरता मातीचं उंच मडकं आमच्यावर उपडं घालायचा. अंधारात देठ लवकर येतो, कोवळा आणि गोडसर येतो, पण गड्ड्याची सगळी ताकद त्यात खर्ची पडते. म्हणून एका वर्षी मडकं माझ्यावर, तर दुसऱ्या वर्षी भावावर. ज्याच्यावर मडकं नाही त्याला विश्रांती. आमचे देठ घरी जायचे आणि त्याची बायको मेव्हिस त्यांचा पाय करायची, म्हणजे मैद्याच्या पारीत देठ नि साखर भरून भट्टीत भाजायची. खाऊन झाल्यावर तो आम्हाला येऊन सांगायचा, "आज तिनं कमाल केली रे!"

मग एका उन्हाळ्यात तो खोकत खोकत आला, बाकावर टेकला आणि परत गेला. तो गेला तो गेलाच.

मेव्हिसनं तोवर या मातीत पाऊल ठेवलं नव्हतं. पण विल्फची जागा दुसऱ्याला जाऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. बाई भलती टापटिपीची. घराच्या दारातली पायरी रोज गुडघे टेकून घासणारी. शरद आला, आमची पानं पिवळी पडली, लोळली आणि सडून गेली. दरवर्षीच जातात. आम्ही खाली गाढ झोपलो. वरून पाहणाऱ्याला दिसत होता नुसता चिकट काळा चोथा.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला गावात मोठी होळी पेटते. लोक बुजगावणं करून जाळतात, आणि आपापल्या तुकड्यातला सगळा पालापाचोळा, मोडकी लाकडं, मेलेली झाडं त्या ढिगावर नेऊन टाकतात. मेव्हिसही साफसफाईला आली. आणि मित्रांनो, झोपेतच मी शेजारी फावड्याचा खणखणाट ऐकला. तिनं माझ्या भावाला मुळांसकट उपटलं, हातगाडीत घातलं आणि नेलं. मला वाटलं, कुठेतरी चांगल्या जागी लावणार असेल. संध्याकाळी आकाश लाल झालं, पोरं आरडाओरडा करत नाचली, आणि वाऱ्यानं माझ्या अंगावर राख आणून टाकली. ती कुणाची राख होती? विचार मनात आला आणि मी नखशिखान्त गारठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासाठी आली. फावड्याचं पातं माझ्या कडेला घुसलं तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारी नॉर्मन ओरडला. विल्फचा जन्माचा दोस्त हा, तोंडानं जरा फटकळ.

"अगं ए! काय चाललंय हे?"

"मेलेला रुबार्ब काढतेय," मेव्हिस म्हणाली. "एक काल होळीत टाकला."

नॉर्मनच्या तोंडातला पाईप खाली पडला. "होळीत? अगं बाई, मेलाय कुठला! झोपलाय तो! हिवाळ्यात झोपतो, वसंतात उठतो. दारातली पायरी घासतेस तशी जमीन घासायला निघालीस होय?"

"झोपला होता?" तिनं विचारलं. "तो... जिवंत होता?"

ती फावडं टाकून तिथंच चिखलात बसली. स्वच्छ कोट, स्वच्छ बूट, सगळं चिखलात. "विल्फनं एवढा सांभाळलेला," ती म्हणत राहिली. "आणि मी जिवंत जाळला." नॉर्मननं पाईप उचलला आणि पुसत राहिला.

त्या दिवसापासून मेव्हिस मला हात लावायला घाबरू लागली. मला वाटलं, चला, आता सुखाचे दिवस आले! कसले सुखाचे? तिनं एकही देठ काढला नाही. फुलाचा दांडा आला तर खूश होऊन म्हणाली, "बघा, फुललाय!" नॉर्मन कुंपणावरून बोंबलला, "मोड तो दांडा! सगळा जीव त्यात जाईल त्याचा!" पण ही म्हणाली, "मी नाही मोडणार. माझ्या हातून आता काही मोडायचं नाही." घरी पाय होणं बंद झालं. ती रोज यायची, बाकावर बसून माझ्याकडे बघायची आणि जायची.

वर्षं गेली. माझ्या अंगात कोंबांची इतकी दाटी झाली की श्वास घ्यायला जागा उरली नाही. मधोमध कूज शिरली. देठ करंगळीएवढे बारीक झाले. मरणाचा वास मला माझ्याच अंगाला येऊ लागला.

"याचे तुकडे करायला हवेत," नॉर्मन म्हणाला. "चांगला भाग वेगळा काढून लावायचा. तुला जमत नसेल तर आण ते फावडं, मी करतो."

"हात लावाल तर याद राखा! फावड्यानं तोडायचं म्हणे! एकाला मारलं तेवढं पुरे नाही झालं?"

"ऐक माझं," नॉर्मन एकदम गंभीर झाला. "पहिल्याला तू न कळून मारलंस. याला कळून मारते आहेस."

मेव्हिसच्या गालावर कुणी थप्पड मारावी तसा तिचा चेहरा झाला. ती उठली आणि निघून गेली. खरं सांगू? मला नॉर्मनचा भयंकर राग आला. मला तोडायला सांगतो म्हणजे काय!

थंडी पडली, माझी पानं झडली. आणि एका सकाळी ती आली. हातात तेच फावडं. मला झोप लागत होती ती खाडकन उडाली. तिनं भोवतालची माती उकरली, मला उचकटून वर काढलं आणि गवतावर ठेवलं. उघड्यावर! माझ्या मुळांना गार वारा लागला. नॉर्मन कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"विल्फ, चुकलं तर माफ कर रे," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि फावडं माझ्या डोक्यावर हाणलं.

मी किंचाळलो. कुणाला ऐकू जाणार? पहिला घाव अर्धवट बसला. तिनं रडत रडत दुसरा घातला. कडाडकन मी फुटलो. मध्ये सगळी काळी, भिजट कूज होती. पण दोन्ही कडांना कोंबांचे गुलाबी डोळे होते, टपोरे, ताजे. मेव्हिस बघतच राहिली. "अहो, हे तर जिवंत आहेत!" नॉर्मन म्हणाला, "मग? मी काय वेगळं सांगत होतो?" तिनं कूज खरवडून फेकली. एक तुकडा माझ्या जागी लावला, दुसरा भावाच्या. दोघांभोवती खत घातलं, डोक्यावर मात्र नाही.

मार्चमध्ये दोन्हीकडे मातीतून लाल टोकं निघाली. मेव्हिसनं चिखलात गुडघे टेकले आणि हाक मारली, "नॉर्मन! अहो, दोन्ही आलेत!"

"आलेत तर येऊ देत! ओरडून घाबरवू नकोस त्यांना," नॉर्मन म्हणाला आणि नाक शिंकरण्याच्या निमित्तानं डोळे पुसू लागला. "आणि यंदा देठ तोडायचा नाही हं, आधी मुळं धरू देत. पुढच्या वर्षी पाय कर. मलाही दे."

आता तुम्ही विचाराल, या दोघांतला तू कोणता? अहो, हाच तर मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का! या कोंबाला विचारलं तर तो म्हणतो, मी. तो पलीकडचाही म्हणतो, मीच.

म्हणून सांगतो मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला नुसतं बघत बसू नका. वेळ आली की मातीत हात घाला आणि लागलंच तर फावडंही उचला. रडू आलं तरी चालेल. मेव्हिसलाही आलं होतं.