सगळ्यात जास्त वेळा

सरांनी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि माइक बायकोच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून पाहिला. मग तो पुस्तकांच्या थप्पीवर नीट टेकवला. दाराशी तिची बॅग भरून तयार होती. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि सकाळी ऑपरेशन. गाठ स्वरयंत्रातच होती. ते काढल्यावर तिचा आवाज कायमचा जाणार होता. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा सर आधी सुन्न झाले आणि मग लगेच कामाला लागले, कारण हे एवढं काम त्यांना येत होतं.

जन्मभर कॉलेजात संवादशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले आणि असे मोकळे झाले, की त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत उरली नाही. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखव, टेकडीवरच्या झाडांना पाणी घाल, वृद्धाश्रमातल्या आजोबांची पत्रं लिहून दे, लोकांची भांडणं मिटव. मेहुणा या सगळ्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचा. सर हसून सोडून द्यायचे. त्यातही दवाखान्यातलं काम त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांची चार वाक्यं ते आधीच टिपून ठेवत. पुढे मोबाइलवर बटण दाबलं की ती त्याच माणसाच्या आवाजात ऐकू येत. माइक पुढे आला की लोकांना भाषणं सुचत. सर त्यांना थांबवत.

"हे राहू द्या. घरात सगळ्यात जास्त वेळा जे बोलता, ते बोला. तोच तुमचा खरा आवाज."

एक बस ड्रायव्हर खूप विचार करून म्हणाला होता, "अगं, माझा चष्मा कुठाय?" आणि दारात उभी असलेली त्याची बायको हसता हसता रडायला लागली होती. सरांना आज तसंच काहीतरी हवं होतं. बायकोच्या तोंडचं, फक्त त्यांच्यासाठीचं एक वाक्य, उरलेल्या दिवसांना पुरेल असं. पण स्वतःच्या बायकोकडे ते मागायचं कसं, हे काही त्यांना सुचेना.

"काय बोलू?" तिचा आवाज आधीच खरखरीत झाला होता.

"येईल मनात ते. म्हणजे... मला उद्देशून काही..."

"इतरांना काय सांगता?"

"घरात सगळ्यात जास्त वेळा जे बोलतेस, ते."

तिने मांडीवरची शाल सारखी केली. सांगितलेलं काम उरकून टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती खरंच आठवू लागली.

"जेवण झाकून ठेवलंय."

सरांनी मान हलवली.

"किल्ली नेलीत ना?"

सरांना हसू आलं. किल्ली कित्येकदा घरीच राहायची.

"मी जेवले. तुम्ही बसा."

"छान येतंय," सर म्हणाले. "आणखी?"

"आणखी एक आहे. तेच सगळ्यात जास्त." घोटभर पाणी पिऊन, पाठ ताठ करून ती परक्या माणसांसाठी राखलेल्या अदबशीर, हसऱ्या आवाजात म्हणाली, "सर घरी नाहीत. काही निरोप आहे का?"

सरांची मान हलायची थांबली. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. तिने ते हजारदा म्हटलं असेल, आणि दर वेळी ते ऐकायला सर घरात नव्हते. त्यात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती नुसती आपलं काम चोख करत होती.

"नीट आलं का? की पुन्हा म्हणू?"

"नीट आलंय," सर म्हणाले. रेकॉर्डर बंद करायचं बटण त्यांना दिसेना.

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. टेकडीवाल्यांचा असणार. सवयीने सर अर्धवट उठले. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि रिसीव्हर उचलला.

"सर घरी नाहीत. काही निरोप आहे का?"

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मग त्याने काहीतरी विचारलं. तिने समोर पाहिलं. सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

"कधी येतील," ती म्हणाली, "ते नाही सांगता येत."