भर चर्चमध्ये दिलेली माफी

कुसाबाई सोमवारी कायमची मालेगावला चालली, हे नवसाबाईला सुनेकडून कळलं. सून भाकरी थापता थापता सांगत होती, जसं काही वाण्याकडचा गूळ संपला. मुलाची बदली झाली, बिऱ्हाड हलतंय, म्हातारीही त्यांच्याबरोबर. नवसाबाई म्हणाली, जाईना का, कुणाचं अडलंय. आणि पुढ्यातली भाकरी काही तिच्यानं संपली नाही.

शरणपूरच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती होती, तिथं या दोघींची घरं एका कुंपणाची. दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून आल्या. वस्तीत बाई गेली की आंघोळ घालायला या दोघी, बाळंतीण असली की शेकशेगडीला या दोघी. एकीनं पाणी ओतायचं, दुसरीनं चोळायचं. अशा चाळीसेक वर्षांवर एका भोपळ्यानं पाणी फिरवलं.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. कापणीचा सण होता. त्या दिवशी ज्याच्या घरी जे पिकेल, कोंबडं असो की मेथीची जुडी, ते चर्चमध्ये वेदीपुढं ठेवतात आणि उपासना सुटली की अंगणात त्याचा लिलाव होतो. कुसाबाईनं मांडीएवढा लाल भोपळा आणला होता. पंचांनी तो वर धरला तशी नवसाबाई सगळ्यांत बोलली, "वेल माझा. कुंपण ओलांडून गेला तर देवापुढं नाव कुसाबाईचं होय?" लोक हसले. लोकांना काय, फुकटचा तमाशा.

चर्चचे पाळकसाहेब दोघींकडं जाऊन आले. शेजारणीचा राग पोटात धरून प्रभुभोजनाला, वेदीपुढच्या भाकरी-प्याल्याला, येऊ नये, मिटवा म्हणाले. नवसाबाईला ते पटलं. तिनं मिटवायचं ठरवलं ते आपल्या पद्धतीनं. पुढच्या रविवारी साक्षीची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं उठून सांगायची वेळ आली, तेव्हा ती पांढरं पातळ सारखं करून उभी राहिली आणि म्हणाली, कुसाबाईनं जे केलं त्याची मी तिला मनापासून माफी दिली, प्रभूनं मला एवढं मोठं मन दिलं त्याची स्तुती असो. अर्ध्या चर्चनं आमेन म्हटलं. नवसाबाई पिसासारखी हलकी होऊन खाली बसली. कुसाबाई उठली आणि बाहेर निघून गेली.

त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी ती कधी दिसली नाही. कुंपणापलीकडून सलामसुद्धा नाही. आपण माफी दिली, अजून काय जीव द्यायचा, असं नवसाबाईनं पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एकदा एकट्याच तिच्या दाराशी जाऊन या. याचा तिला असा राग आला की त्या नाताळात पाळकसाहेबांच्या ताटात करंज्याच गेल्या नाहीत, नुसती शेव गेली.

पण वर्षभर एकटीनं बरोबर असणं सोपं नसतं. वस्तीतल्या मरणाला नवसाबाई एकटी जाई, पाणी ओतायला कोणी पोर हाताशी घेई, आणि घरी आली की तिला बोलावंसं वाटत नसे. प्रभुभोजनाचा घोट घशाखाली उतरेना. आता कुसाबाई गेली की हे असंच राहणार होतं, मरेपर्यंत.

शनिवारी दुपारी ती गेली. कुसाबाईच्या घरात वळकट्या बांधून ठेवलेल्या, भांडी पोत्यात. ती एकटीच स्टोव्ह पुसत होती. बैस म्हणाली नाही. नवसाबाईनं मालेगावच्या पाण्याचं विचारलं, यंत्रमागांच्या खडखडाटात झोप लागेल का विचारलं. मग म्हणाली, लिलावात बोलले ते चुकलंच माझं, पण वेल तर...

"तुझा तो 'पण' घेऊन घरी जा," कुसाबाई म्हणाली.

नवसाबाई वळून दारापर्यंत आली. तिथं तिचं सगळं अवसान संपलं. उंबऱ्यावर बसली ती बसलीच.

"थकले गं कुसे. भांडायलाही ताकद नाही राहिली."

कुसाबाई बराच वेळ स्टोव्ह पुसत राहिली. पुसायचं काही उरलं नव्हतं.

"वेल तुझाच होता," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं का? त्या सणाला माझ्या घरात देवापुढं न्यायला दुसरं काही नव्हतं. मागितला असता तर तू दिला असतास, आणि वर्षभर सांगत फिरली असतीस. भोपळ्याचं मी कधीच विसरले. पण तू उभी राहून मला माफ केलंस. मी तुझे पाय धरले होते? चोर ठरवलंस आणि वर आमेन घेतलंस."

नवसाबाईला हे कधी या बाजूनं दिसलंच नव्हतं. ती म्हणाली, मग आता मीच मागते, मला माफ कर.

"इथं? दिली कुठं होतीस?"

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. कुसाबाई आली आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. साक्षीची वेळ झाली. पंचवटीच्या बाजारात भाजीवाल्यांना घाम फोडणारी नवसाबाई, पण उभं राहताना तिनं पुढचं बाक धरलं.

"मी कुसाबाईला माफी दिली होती," ती म्हणाली. "ती द्यायचा मला हक्क नव्हता. तिनं माझं काही चोरलं नाही. मीच तिला तुमच्यापुढं खाली पाहायला लावलं. तर मी तिची माफी मागते."

शेवटच्या बाकावरून कुसाबाईचा आवाज आला, "मोठ्यानं बोल. मागं ऐकू येत नाही."

कोणी खुसखुसलं. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. नवसाबाईनं श्वास घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. कोणी आमेन म्हटलं नाही. ती खाली बसली. हलकं वगैरे काही वाटलं नाही, नुसता शीण आला.

गीत सुरू झालं. बाकामागून बाक वेदीकडं जाऊ लागलं. नवसाबाई उठली नाही, पाय बाजूला घेऊन तिनं बाकीच्यांना वाट दिली. शेवटच्या बाकाची पाळी आली. कुसाबाई संथ चालत आली आणि तिच्यापाशी थांबली.

"चल. पाळकसाहेब काय दिवसभर प्याला धरून उभे राहतील?"

नवसाबाईला यावर चांगलं झणझणीत उत्तर सुचलं होतं. ते तिनं दिलं नाही. ती उठली आणि कुसाबाईच्या मागून चालू लागली.