मधली गायिका

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. दुसऱ्यांचं बोलायचं, स्वतःचं नाही, हा आम्हा स्पीकरांचा नियमच. पण आता गप्प बसवत नाही. मी बैठकीच्या खोलीतला डावा स्पीकर बोलतोय.

माझी पेटी लाकडी, आत कागदाचा शंकू, पाठीशी लोहचुंबक. उजवीकडे माझा जुळा भाऊ. आवाज निघतो आम्हा दोघांतून, पण गायिका मात्र आमच्या मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी उभी आहे असं वाटतं. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

खोलीला रंग दिला आणि गायिका गेली. बाबांनी कपाटामागे हात घालून, चाचपडत माझ्या तारा जोडल्या. लाल तार काळ्या जागी, काळी लाल जागी. तेव्हापासून भाऊ हवा पुढे ढकलतो, तेव्हा मी नेमकी मागे ओढतो. सगळा घुमारा एकमेकांत जिरतो, गायिका खोलीभर विरघळते. जीव नुसता कासावीस, पण सांगणार कसं?

"वय झालं यांचं," बाबा म्हणाले. "भंगारवाल्याला बोलावलंय."

"वय तुमचंही झालंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुम्हाला दिलं का कुणी भंगारात?"

"बाबा, तारा बघू का?" मुलीने हळूच विचारलं.

"मीच जोडल्यात. त्यात काय बघायचंय?"

चारचौघांत ती तोंड उघडत नाही, पण तिचे कान तिखट. तिने गाणं लावून आधी मला कान लावला, मग भावाला. दोघंही ठणठणीत! मग मध्ये बसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

आज भंगारवाल्याने खालून हाक दिली. बाबा त्याला आणायला उतरले, तशी ती सगळं बंद करून कपाटामागे शिरली. माझ्या पाठीवरच्या तारा अदलून-बदलून बसवल्या, धापा टाकत गाणं लावलं.

आई हात पुसत बाहेर आली. "कोण आलंय गं?"

दारात बाबा, रिकाम्या भिंतीकडे बघत उभे. मागून भंगारवाला म्हणाला, "साहेब, बाईंनापण न्यायचंय का?"

"तारा उलट्या होत्या?" बाबांनी विचारलं.

"एकाच्याच," मुलगी खाली बघत म्हणाली.

"मग आधी सांगायचं ना!"

"विचारलं होतं."

बाबांनी भंगारवाल्याला चहा दिला आणि रिकाम्या हाती पाठवलं. माझी धडधड अजून थांबलेली नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाला म्हातारं ठरवण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागे वाकून

"ए, लाव गं परत पहिल्यापासून!" बाबांची हाक आली. थांबा, गायिका श्वास घेतेय, मला आता