बयूमीच्या गल्लीतला मांडव

"तो मांडव आधी उतरवा," नबविया म्हणाली. "तुम्ही हाजींना पुरून परत याल, तेव्हा तो आपल्या दारात उभा दिसला पाहिजे मला."

शौकी तिचा थोरला. आईपुढे तोंड उघडायची त्याची छाती कधीच झाली नव्हती. मांडव होता बयूमी न्हाव्याच्या गल्लीत, त्याच्या पोरीच्या लग्नासाठी. काल संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, मांडववाल्या हाजी अब्दुलबरांनी, स्वतः शिडीवर चढून त्याची शेवटची दोरी आवळली होती. आणि आज पहाटे, चपला शोधता शोधता, हाजी गेले. आजारपण नाही, निरोप नाही.

एवढा मोठा, लाल-निळ्या नक्षीचा मांडव साऱ्या दसूक गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. गावानं लग्नाचं सरबत प्यायलं ते हाजींच्या खुर्च्यांवर बसून, आणि मयताची बिनसाखरेची कॉफी प्यायली तीही त्यांच्याच खुर्च्यांवर.

"यम्मा, लग्न आज संध्याकाळी आहे," शौकी शेवटी पुटपुटला. "नवरामुलगा शुक्रवारी कुवेतला चाललाय. बाबांनी शब्द दिलाय त्यांना."

"शब्दाचं मला नको सांगूस! माझ्या लग्नात काय केलं होतं तुझ्या बापानं?"

ते घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. नबविया नवरी होऊन बसलेली, आणि पलीकडच्या गल्लीत एक म्हातारा वारला. तेव्हाही हाजींकडे एकच मांडव. तो त्यांनी नवरदेवाच्या कपड्यांनिशी सोडवला, मयताच्या दारात नेऊन उभा केला आणि घामाघूम होऊन परत आले. लग्न उघड्यावर लागलं. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, असं नबविया सांगायची. खरं तर दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांच्यासाठी कबुतरं भरून भाजली होती.

"तेव्हा लग्नानं मयताला मांडव दिला," ती म्हणाली. "आज बयूमीनं द्यावा. चुकतंय माझं?"

चुकत नव्हतं. रीतही तीच होती. म्हणूनच तेवढ्यात बयूमी न्हावी स्वतः जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला.

"हाजींचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, शौकीच्या आई. पोरं दोऱ्या सोडायला लागलीत. लग्नाचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"पोरगा रजेवर येईल तेव्हा. दोन वर्षांनी वगैरे."

"पोरगी काय म्हणते?"

"काय म्हणणार? मेंदीचे हात मांडीवर घेऊन बसलीय."

हाजींनी नबवियाला आयुष्यात फार काही दिलं, असं कुणी म्हणालं नसतं. त्यांनी तीन मुलींची लग्नं लावली आणि एकाही लग्नात क्षणभर खुर्चीला टेकले नाहीत. कुठला खांब कलला, कुठला दिवा गेला हेच बघत फिरले. पण दुपारचं जेवण घरी, बायकोबरोबर. खांब अर्धे उभे असले तरी हाजी हात झटकून घराकडे निघायचे, आणि मजूर त्यांच्या नावानं शंख करत उन्हात बसायचे. "ती थांबलेली असते," एवढंच ते म्हणायचे.

"बांधा त्या दोऱ्या परत," नबविया म्हणाली.

"अहो, पण हाजींसाठी?"

"हाजींना आभाळ चालतं. माझ्या लग्नात चाललं होतं ना?"

आणि मग, पहाटेपासून पहिल्यांदाच, ती रडली. भिंतीला डोकं टेकून, मोठ्यानं, कुणाची भीडभाड न ठेवता रडली.

मांडव राहिला म्हणजे त्यातल्या खुर्च्याही राहिल्या, हे शौकीला दफनाहून परतून संध्याकाळी दारात उभं राहिल्यावर कळलं. लोक सांत्वनाला येणार आणि बसायला सतरंजीसुद्धा नाही. तो शरमेनं अर्धा झाला. पण पाहतो तर माणसं गल्लीत शिरली तीच हातात खुर्च्या घेऊन. कुणी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, कुणी दिवाणखान्यातली सोनेरी पायांची. शाळेच्या मास्तरांनी आपली आरामखुर्ची डोक्यावरून आणली होती. बयूमी न्हावी नवरीचा बाप म्हणून शिवलेल्या नव्या सुटात आला आणि पहिल्या रांगेत एका पिंपावर बसला. त्याच्या गल्लीत ढोल थांबवून ठेवले होते.

वरच्या खिडकीत बायकांबरोबर बसलेली नबविया ते पाहत होती.

कुराणपठण संपलं. बयूमी आधी उठला, शौकीचा हात दोन्ही हातांत धरून लेकीच्या लग्नाला निघून गेला. मागोमाग सगळे उठले. शौकी सवयीनं बाह्या सरसावून खुर्च्या रचायला पुढे झाला, तर ज्यानं त्यानं आपापली खुर्ची उचललेली. बघता बघता गल्ली रिकामी झाली. शौकी मधोमध उभा राहिला. उचलायला एकही खुर्ची नव्हती.

"शौकी," आईनं वरून हाक मारली. "वर ये. जेवायला थांबलेय मी."