दोन खुर्च्या आणि तिरकी टाचणी

शिंपीमामांच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला टाचणी अगदी सरळ टोचून नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठी ज्याची, कपडा त्याचा. मग कुणी कितीही हुज्जत घालो, मामा ऐकत नसत.

भाची चिंगी तीन वर्षांची असताना तिचे आईवडील अपघातात गेले. तेव्हापासून मामांनीच तिला वाढवलं. त्या गडबडीत स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं. आता चिंगी परदेशी भाषांच्या परीक्षेत पहिली आली होती. उद्या पदवीदान होतं आणि पहिल्या रांगेत तिच्या आईवडिलांसाठी म्हणून दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या.

"मी मागे उभा राहीन," कात्री चालवता चालवता मामांनी सांगून टाकलं. "त्या खुर्च्या ताईच्या आणि भाऊजींच्या. त्यांची जागा बळकावल्यासारखं वाटेल मला. मी आपला मामा."

चिंगीला रडू येत होतं, पण रडेल ती चिंगी कसली! ती भांडायलाच उठली. "मामा म्हणजे काय ते आमच्या वर्गात येऊन विचार! रशियनमध्ये मामा म्हणजे आई. आणि जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे चक्क वडील!"

"हो का? मग काका म्हणजे आजी असेल! थापा पुरे, ती बाही दे इकडे."

दुसऱ्या दिवशी मामा नवा कोट घालून हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. समोर त्या दोन खुर्च्या रिकाम्या. बघून त्यांना फार वाईट वाटत होतं, पण पाय हलेनात. तेवढ्यात खुर्च्यांच्या कापडी पाठींवर त्यांना काहीतरी पांढरं दिसलं. चिठ्ठ्या! आणि शिंप्याच्या नजरेला लांबूनही कळलं, अरे देवा, टाचण्या तिरक्या!

आता हे कसं सहन व्हावं? मामा तरातरा पुढे गेले. एक टाचणी काढून सरळ केली, दुसरी केली आणि मग कुठे चिठ्ठ्या वाचल्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'मामा (रशियन)'. दुसरीवर, 'मामा (जॉर्जियन)'. मामा तिथेच उभे राहून त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"अहो, बसा ना! मागच्यांना दिसत नाहीये," कुणीतरी खेकसलं.

मामा रशियन खुर्चीवर बसले. चिंगीचं नाव पुकारलं तेव्हा ताडकन उठून त्यांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि खाली बसले ते जॉर्जियन खुर्चीवर. मग कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि चिंगीचा कान धरला. "इतकी वर्षं शिकवतोय, टाचणी सरळ लावता येत नाही तुला?"

"येते की," चिंगी म्हणाली. "पण सरळ लावली असती तर तू पुढे आला असतास?"